नाव नाकारलेलं गाणं

हेवी मेटल हे शब्द ऐकले की आपल्यापैकी पुष्कळांचा हात आवाज कमी करायला रेडिओच्या बटणाकडे जातो. म्हणून आधीच सांगून टाकतो, ते संगीत मी आज वाजवणार नाही. त्यातल्या एका गाण्याच्या नावाची हकीकत तेवढी सांगणार आहे. गाणं १९८३ सालचं, इंग्लंडच्या ‘आयर्न मेडन’ या बँडचं. ज्या कादंबरीवरून ते सुचलं ती अमेरिकेतली, १९६५ सालची, फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’. विज्ञानकथा वाचणाऱ्यांना या कादंबरीची ओळख करून द्यायला नको. बाकीच्यांनी तिच्यावरचे २०२१ आणि २०२४ सालचे दोन भव्य चित्रपट निदान जाहिरातींत तरी पाहिले असतील.

बँडला गाण्याचं नाव ‘ड्यून’ असंच ठेवायचं होतं. लेखकाकडून नकार आला. मग दुसरं नाव शोधावं लागलं आणि ते सापडलं ‘टु टेम अ लँड’, म्हणजे एखादी भूमी माणसाळवणं, वठणीवर आणणं. माझं म्हणणं असं की, नाइलाजाने घेतलेलं हे दुसरं नावच कादंबरीच्या गाभ्याशी जास्त जवळचं आहे. ते कसं, हे सांगायला थोडं मागे जायला हवं. आणि सुरुवात करायला हवी ती वाळूपासून.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑरेगन राज्यात फ्लॉरेन्स नावाचं छोटं गाव आहे. त्याच्या आसपास मैलोगणती वाळूच्या टेकड्या पसरलेल्या आहेत. त्या स्थिर नसतात. समुद्राचा वारा त्यांना पुढे ढकलत नेतो आणि वाटेत रस्ता येवो, घर येवो की नदीचं मुख येवो, वाळू ते गिळत जाते. या वाळूला आवर घालण्यासाठी अमेरिकेच्या कृषी खात्याने तिथे युरोपातून आणलेलं एक चिवट गवत लावलं होतं. गवताची मुळं वाळूला धरून ठेवतात, टेकडी जागच्या जागी थांबते. आपल्याकडे कोकणच्या किनाऱ्यावर सुरूची बनं लावली गेली, त्यामागे हाच विचार होता.

१९५७ साली हर्बर्ट हा प्रयोग पाहायला तिथे गेला. तो पेशाने पत्रकार. जन्म १९२०चा, वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमाचा. वाळू थांबवणाऱ्या माणसांवर एक लेख लिहावा, एवढाच त्याचा बेत होता. तो लेख कधी छापला गेला नाही. पण वाळू काही त्याच्या डोक्यातून जाईना. वाळवंट, पाणी, वाळवंटात राहणाऱ्या जमाती आणि वाळवंटातच जन्मलेले धर्म यांच्याविषयी तो वर्षानुवर्षं वाचत राहिला आणि त्यातून एक सबंध ग्रहच वाळवंटाचा झाला. त्या ग्रहाचं नाव अराकिस ऊर्फ ड्यून.

ही कथा आधी ‘अ‍ॅनालॉग’ या विज्ञानकथांच्या मासिकातून दोन खंडांत क्रमशः आली. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९६४ या काळात पहिला खंड, जानेवारी ते मे १९६५ या काळात दुसरा. पुस्तक करायला मात्र कोणी धजेना. वीसहून अधिक प्रकाशकांनी ते परत केलं असं सांगतात. शेवटी ते छापलं फिलाडेल्फियाच्या चिल्टन या प्रकाशनसंस्थेने. ही संस्था ओळखली जायची ती मोटारी दुरुस्त कशा कराव्यात याच्या पुस्तकांसाठी! पुढे याच कादंबरीला १९६६ साली ह्यूगो पुरस्कार विभागून मिळाला आणि नेब्युला पुरस्काराच्या कादंबरी विभागातली ती पहिली मानकरी ठरली. हर्बर्टने पुस्तक अर्पण कुणाला केलं आहे? कोरड्या जमिनीच्या पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्या माणसांना. कोरडवाहू शेतीच्या मुलखात राहणाऱ्या आपल्या वाचकाला हे वाचून जरा बरं वाटतं.

आता कथेविषयी चार ओळी. अराकिसवर पाणी नाही. तिथे घामाचा थेंबही वाया जाऊ न देणारा पोशाख घालावा लागतो आणि मेलेल्या माणसाच्या देहातलं पाणी टोळीच्या मालकीचं समजलं जातं. पण याच वाळूत एक मसाला सापडतो. तो माणसाचं आयुष्य वाढवतो आणि ताऱ्याताऱ्यांमधला प्रवास त्याच्याशिवाय होत नाही. त्यामुळे सगळ्या साम्राज्याचा डोळा या ग्रहावर. वाळूखाली फिरणाऱ्या अजस्र अळ्या या मसाल्याच्या मुळाशी आहेत. पॉल अट्रायडिस हा सरदारपुत्र बापाच्या खुनानंतर वाळवंटात पळतो, तिथल्या फ्रेमेन लोकांत मिसळतो, त्यांचा प्रेषित होतो आणि अखेर सम्राटाला नमवतो.

फ्रेमेन लोकांत तो स्वतःसाठी नाव निवडतो ते वाळवंटातल्या एका छोट्या उंदराचं, मुआद्दीब. हा शब्द अरबी ‘मुअद्दिब’वरून आलेला दिसतो. मुअद्दिब म्हणजे अदब शिकवणारा, गुरुजी. आपण ‘अदबीने वागावं’ म्हणतो तीच ही अदब. या कादंबरीत अशी ओळखीची माणसं अनोळखी कपड्यांत भेटत राहतात. महदी आहे, जिहाद आहे. पॉलची जी अलौकिक पदवी आहे, क्विझॅट्झ हॅडरॅक, ती हिब्रू परंपरेतली, वाट आखडून एका पावलात मुक्काम गाठण्याची सिद्धी. लेस्ली ब्लँच या लेखिकेचं ‘द सेबर्स ऑफ पॅरडाइज’ हे पुस्तक १९६० साली आलं होतं. कॉकेशसच्या डोंगरी जमातींनी इमाम शमीलच्या नेतृत्वाखाली रशियाशी दिलेल्या लढ्याचं ते पुस्तक. त्यातून हर्बर्टने सढळ हाताने घेतलं. शिकाऱ्यांची गुप्त भाषा ‘चाकोब्सा’ तिथलीच, पिढीजात वैराला असलेला ‘कानली’ हा शब्दही तिथलाच. काही म्हणीसुद्धा थोड्या वेष बदलून इकडे आल्या आहेत.

यात मला काही गैर वाटत नाही. कथा अशाच वाढतात. आपल्या कीर्तनकाराने आख्यान लावताना व्यासांची परवानगी कधी काढली होती? पण हर्बर्टने घेतलं ते कुठून आणि किती, हे लक्षात ठेवायला हवं. कारण पुढे जे घडलं त्याला त्यामुळे वेगळाच रंग येतो.

आता लंडनकडे वळू. आयर्न मेडन हा बँड पूर्व लंडनमध्ये १९७५च्या नाताळात स्थापन झाला. स्थापना करणारा स्टीव्ह हॅरिस हा बास गिटार वाजवणारा, मूळचा ड्राफ्ट्समन, म्हणजे आराखडे काढणारा. बँडची बरीचशी गाणी त्याचीच. या मंडळींचं बाह्य रूप पाहून कोणी दचकलं तर त्यात त्याची चूक नाही. तबकडीच्या वेष्टनावर दरवेळी एक भेसूर सापळा असतो, त्याला त्यांनी लाडाने ‘एडी’ असं नावही दिलं आहे. १९८२ साली त्यांनी बायबलमधल्या सैतानी आकड्यावर गाणं केलं, तेव्हा अमेरिकेत काही धार्मिक मंडळींनी त्यांच्या तबकड्यांची होळी केली होती.

पण वेष्टन बाजूला करून गाण्यांची यादी वाचली की वेगळंच चित्र दिसतं. मे १९८३मध्ये त्यांचा ‘पीस ऑफ माइंड’ हा चौथा अल्बम आला. बहामा बेटांवर नासाऊ इथल्या कंपास पॉइंट स्टुडिओत तो ध्वनिमुद्रित झाला होता. त्यात नऊ गाणी आहेत. पहिल्याचं नाव अ‍ॅलिस्टर मॅक्लीनच्या ‘व्हेअर ईगल्स डेअर’चं. एक गाणं ग्रीक पुराणातल्या इकारसवर, एक जपानी तलवारबहाद्दर मुसाशीवर. क्रिमियाच्या युद्धातल्या घोडदळाच्या आत्मघाती हल्ल्यावर टेनिसनने १८५४ साली कविता लिहिली, तिच्यावरून सुचलेलं एक. आदिमानवाच्या अग्निशोधावरच्या फ्रेंच कादंबरीवरून झालेल्या चित्रपटावर एक. आणि शेवटचं, सगळ्यांत लांब, साडेसात मिनिटांना काही सेकंद कमी, हे ‘ड्यून’वरचं. कुठल्याही महाविद्यालयाच्या ग्रंथपालाने समाधानाने मान डोलवावी अशी ही यादी आहे.

माझा भाचा या बँडचा भक्त. १ फेब्रुवारी २००८ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर त्यांच्या जागतिक दौऱ्याचा पहिला कार्यक्रम झाला, त्याला तो गेला होता. मुख्य गायक ब्रूस डिकिन्सन हा इतिहासाचा पदवीधर आणि परवानाधारक वैमानिक. त्या दौऱ्यात बँडचं विमान तोच चालवत होता. त्या रात्री मुंबईत कोलरिजच्या बुढ्ढ्या खलाशावरचं, तेरा मिनिटांहून लांब असलेलं गाणंही झालं. इंग्रजी वाङ्मयाच्या वर्गात ज्या कवितेला पेंगुळलेले चेहरे दिसतात, तिच्यावर हजारो पोरं घामाघूम होऊन ओरडत होती. कोलरिज १८३४ साली वारला, टेनिसन १८९२ साली. त्यांच्याकडून नकार येण्याचा प्रश्न नव्हता. हर्बर्ट मात्र हयात होता.

हॅरिसने रीतसर परवानगी मागितली. गाण्याला ‘ड्यून’ नाव द्यायचं आणि सुरुवातीला कादंबरीतला एक उतारा कोणाकडून तरी बोलून घ्यायचा, अशा दोन गोष्टी त्याने मागितल्या होत्या. बँडच्या मंडळींनी पुढे अनेकदा सांगितलेली हकीकत अशी, की हर्बर्टच्या प्रतिनिधींकडून खणखणीत नकार आला. लेखकमहाशयांना रॉक बँड आवडत नाहीत, जड आवाजाचे तर मुळीच नाहीत आणि आयर्न मेडनसारखे तर नाहीतच नाहीत, असा त्याचा आशय. वर कोर्टाची धमकी. डिकिन्सन १९८३च्या दौऱ्यात रंगमंचावरून हा किस्सा सांगायचा आणि शेवटी लेखकाला उद्देशून एक उद्गार काढायचा. तो इथे सांगण्यासारखा नाही.

आता कायद्याचं काय? उताऱ्याच्या बाबतीत लेखकाचा हक्क निर्विवाद. आपलं गद्य कुणाच्या तोंडी जावं आणि कुणाच्या जाऊ नये, हे त्याने ठरवावं. नावाची गोष्ट वेगळी. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात नुसत्या शीर्षकावर मालकी सांगता येत नाही. आपल्याकडेही ‘देसी बॉईज’ या चित्रपटाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली हेच म्हटलं. शीर्षक म्हणजे कृतीचं नाव, ती स्वतः काही पूर्ण कलाकृती नव्हे. ट्रेडमार्कचे मुद्दे निघू शकतात, ते निराळे. मेडननेच १९८६ साली रॉबर्ट हाइनलाइनच्या ‘स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड’ या गाजलेल्या विज्ञान कादंबरीचं नाव एका गाण्याला दिलं, आणि तेही बर्फात गोठलेल्या शोधप्रवाशाच्या अगदी वेगळ्या गोष्टीला. पुढे २००० साली हक्सलीच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’चं नाव तर थेट अल्बमलाच. पण १९८३ साली कोर्टात जाऊन हे सिद्ध करत बसण्यापेक्षा त्यांनी नाव बदललं. नवं नावही फार नवं नव्हतं म्हणा. लुई लामूर या पाश्चात्त्य गोपाळकथांच्या लेखकाची याच नावाची कादंबरी १९५५ सालीच आली होती.

रॉक बँडचं वावडं असलेल्या या लेखकाच्या कादंबरीवर डिसेंबर १९८४मध्ये डेव्हिड लिंचचा भला खर्चिक चित्रपट आला. बँडला नकार मिळाला त्याच वर्षी मेक्सिकोत त्याचं चित्रीकरण सुरू होतं. चित्रपटाचं संगीत कुणाचं? टोटो या अमेरिकन रॉक बँडचं. आणि खलनायकाच्या पुतण्याच्या भूमिकेत कोण? स्टिंग, म्हणजे ‘द पोलीस’ या रॉक बँडचा गायक. त्याआधी सत्तरच्या दशकात खोदोरोव्स्की या दिग्दर्शकाने ‘ड्यून’चा घाट घातला होता. तो चित्रपट झाला नाही, पण त्याला संगीतासाठी पिंक फ्लॉइड हवे होते. कादंबरीभोवती रॉकवाल्यांची वर्दळ अशी कायमचीच. परत पाठवलं ते फक्त दार वाजवून, चपला काढून आत येऊ का म्हणून विचारणाऱ्याला!

गाणं प्रत्यक्षात कसं आहे? मी शास्त्रीय संगीताचा श्रोता. भाच्याने ते ऐकवलं तेव्हा माझी तयारी कानठळ्या बसण्याची होती. पण सुरुवात अगदी संथ आहे. एकाच गिटारचे सुटे स्वर येतात, आणि माझ्या कानाला त्यात षड्जाला चिकटून कोमल ऋषभ लागल्यासारखा वाटला. भैरवीच्या वाटेवरचं काहीतरी. वाळवंट दाखवायचं तर युरोपीय संगीतकार हमखास या स्वराकडे वळतो, त्यात नवल नाही. मग ड्रम येतात आणि पुढे हॅरिसचा तो प्रसिद्ध ठेका सुरू होतो, एक लांब आणि दोन तोकडे, घोडा दौडत असावा तसा. वाळूत घोडे नाहीत, अळ्या आहेत, पण दौड मात्र खरी वाटते. मधला गिटारांचा लांबलचक भाग शब्दांवाचून चालतो आणि मला विचाराल तर गाण्याचा जीव तिथेच आहे.

शब्दांबद्दल तितकंसं बोलवत नाही. पाणी, पोशाख, मसाला, अळ्या, उंदीर, विषारी सुईची परीक्षा, नायकाच्या पदव्या, सगळं एकामागून एक येतं. सुट्टीत पुस्तक वाचून काढलेला मुलगा धापा टाकत गोष्ट सांगतो तसं. पण पोवाडा तरी दुसरं काय करतो? मुलूख सांगतो, हत्यारं सांगतो, नायकाच्या बिरुदांची माळ लावतो. हा पॉल अट्रायडिसचा पोवाडाच आहे आणि म्हणून त्याचा शेवट नायकाच्या जयजयकारात होतो. तो येईल, शत्रूला कापून काढेल, माणसांचा खरा पुढारी होईल.

हर्बर्टचा मूळ हेतू नेमका याच्या उलट होता. अलौकिक पुढाऱ्यापासून सावध राहा, हे त्याला सांगायचं होतं. १९६९च्या ‘ड्यून मसाया’ या पुढच्या कादंबरीत त्याने पॉलच्या नावाने झालेला नरसंहार आणि पॉलची हतबलता दाखवली. ती वाचून ‘अ‍ॅनालॉग’चा संपादक जॉन कँपबेल नाराज झाला, त्याने ती नाकारली आणि ती ‘गॅलक्सी’ या दुसऱ्या मासिकात आली. कँपबेलला नायक हवा होता. म्हणजे हॅरिसने जी चूक केली ती कादंबरी पहिल्यांदा छापणाऱ्या संपादकाचीही होती. इतका जाणता माणूस जिथे फसला तिथे पंचविशीतल्या बास गिटारवाल्याला एकट्याला दोष कसा द्यायचा? पहिलं पुस्तक नायकाच्या मोहात पडायला भाग पाडतं, हे त्याचं बळही आहे आणि हर्बर्टची अडचणही.

पण नाव! ‘टु टेम अ लँड’. कादंबरीत लिएट काइन्स नावाचा ग्रहाचा पर्यावरणतज्ज्ञ आहे. पिढ्यान्‌पिढ्या थेंबथेंब पाणी साठवायचं, गवत लावून टेकड्या थांबवायच्या आणि एक दिवस अराकिस हिरवा करायचा, हे त्याच्या बापाने फ्रेमेन लोकांना दिलेलं स्वप्न. ही ऑरेगनचीच योजना, ग्रहाएवढी मोठी केलेली. पुढच्या पुस्तकांत ते स्वप्न खरं होतं आणि तिथेच सगळं बिघडतं. पाणी हे त्या अळ्यांना विष. हिरवळ पसरली की अळ्या मरणार, अळ्या गेल्या की मसाला गेला, आणि वाळवंटाने घडवलेले फ्रेमेनही फ्रेमेन राहत नाहीत. १९७६च्या ‘चिल्ड्रन ऑफ ड्यून’मध्ये हा धोका समोर येतो आणि १९८१च्या ‘गॉड एम्परर ऑफ ड्यून’मध्ये तर वाळवंटाचा राखून ठेवलेला एक तुकडा तेवढा उरतो. नुसतं ‘ड्यून’ हे नाव वाळूचं आहे. नवं नाव त्या वाळूचं माणसाने काय केलं ते सांगतं. सहा कादंबऱ्यांचा कणा त्यात आला. हॅरिसच्या मनात पॉलने राज्य जिंकणं एवढंच असेल. असू दे.

ऑरेगनमधल्या गवताचं पुढे काय झालं, तेही ऐका. ते गवत फार चांगलं रुजलं. इतकं, की त्याने किनाऱ्याला समांतर असा वाळूचा उंच बांधच उभा केला, वाळूचं येणं अडवलं आणि बांधामागे झुडपं आणि झाडं माजली. उघडी वाळू आक्रसत गेली. उघड्या वाळूत घरटं करणारा तिथला एक छोटा चिखल्या जातीचा पक्षी १९९३ साली संकटग्रस्त जातींच्या यादीत गेला. आता तिथे वनखातं आणि स्थानिक मंडळी तेच गवत उपटून काढतात, काही ठिकाणी बुलडोझर लावून, वाळू पुन्हा हलती व्हावी म्हणून. हर्बर्ट फेब्रुवारी १९८६मध्ये वारला, त्याला हे सगळं पाहायला मिळालं नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. बंदी होती ती गाण्याला ‘ड्यून’ म्हणण्यावर. तबकडीवर, वेष्टनावर नाव बदललं गेलं. पण गाण्याच्या आत, पहिल्या काही कडव्यांतच, त्या ग्रहाचं नाव डिकिन्सन चांगलं खड्या आवाजात घेतो. एकदा नव्हे, दोनदा.